गवयाचे वर्गणीदार

‘सबस्क्रायबर’ या शब्दाला मराठीत ‘वर्गणीदार’ असा अगदी घरचा शब्द आहे. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांपासून टपालाने ‘केसरी’ येत असे, त्यांना तो समजावून सांगण्याचे कारण नाही. वर्षाची वर्गणी मनिऑर्डरने धाडली, की कागदी पट्टीवर आपले नाव-गाव मिरवीत अंक दारात येई. वर्गणी संपल्याची सूचना आली, की घरातला कर्ता माणूस किंचित ओशाळे, जणू कोणाचे देणे अंगावर राहिले आहे. वर्गणीदार होणे म्हणजे एखाद्या कार्याच्या पाठीशी आपले नाव उभे करणे, ही भावना त्यामागे असे.

हल्लीच्या यूट्यूबवर मात्र मोठी मौज झाली आहे. तेथे एकेका गवयाला, एकेका स्वयंपाकिणीला लाखो ‘सबस्क्रायबर’ असतात आणि त्यांतला एकही वर्गणी देत नाही! वर्गणीवाचूनचे वर्गणीदार हा प्रकार आपल्या पूर्वजांना काही केल्या कळला नसता. परंतु गेल्या दहा-बारा वर्षांत चक्र पुन्हा फिरू लागले आहे. गाणारे, लिहिणारे, शिकविणारे लोक आपल्या श्रोत्यांस सांगू लागले आहेत, की फुकट ऐका, अवश्य ऐका. पण आमचे काम चालावे असे वाटत असेल, तर दरमहा ठरावीक रक्कम देऊन आमच्या मंडळाचे सभासद व्हा. मीही गेली काही वर्षे असे एक लहानसे मंडळ चालवीत आहे. “मास्तर, गाणे आता महिन्याच्या बोलीने विकायला काढलेत काय?” असे आमच्या गुलबर्ग्यातील ब्रह्मपुरातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला विचारले. प्रश्न थट्टेचा असला, तरी त्याचे उत्तर थट्टेने देण्याजोगे नाही. गवयाने कोणाच्या जिवावर जगावे, हा प्रश्न आपल्याकडे सव्वाशे वर्षे पडून आहे.

दरबारचा तनखा

माझे वडील शेजारच्या एका लहान मराठी संस्थानात दरबारी गवई होते. मी त्यांच्या उतारवयातले मूल, त्यामुळे दरबार मला भेटला तो त्यांच्या बोलण्यातून. आजोबांच्या मागे बसून तंबोरा धरता धरता, विशीच्या आतच त्यांची नेमणूक झाली. दरमहा तनखा, सणावारी सिधा, दसऱ्याला शेला आणि पाहुणे आले म्हणजे मैफल, असा तो शिरस्ता. पैसा बेताचाच. पण वडील म्हणत, की त्या तनख्याबरोबर दोन गोष्टी अशा मिळत, की त्यांची किंमत रुपयांत होऊ नये. एक म्हणजे पहाटेचे चार तास. त्या वेळी गवयाला कोणी कामाला लावीत नसे. आणि दुसरी म्हणजे समोर बसलेला एक तरी जाणता कान. समेवर मान चुकली, तर त्या मानेची गवयाला भीती वाटे.

१९४८ साली दख्खनेतील मराठी संस्थाने विलीन झाली. त्याच वर्षी सप्टेंबरच्या १७ तारखेस हैदराबाद संस्थान भारतात आले आणि त्याबरोबर आमचा गुलबर्गा जिल्हाही. हे व्हावयास हवे होते, यात शंका नाही. प्रजेच्या दृष्टीने तो सोन्याचा दिवस. राजेसाहेबांच्या तनख्याची सोय विलीनीकरणाच्या करारांत झाली होती, आणि तीही १९७१ साली संपली. गवयाच्या तनख्याचे कलम मात्र कोणत्याच करारात नव्हते. वडील तंबोरा घेऊन गुलबर्ग्यास आले आणि घरोघर शिकवण्या करू लागले.

या स्थित्यंतराकडे ते कधी रडगाणे म्हणून पाहत नसत. ते म्हणत, “दरबारात एक माणूस रुसला की चूल थंड. इथं एक घर रुसलं, तर फार तर बुधवारची संध्याकाळ मोकळी.” एका मोठ्या आश्रयदात्याच्या जागी अकरा लहान घरे आली होती. प्रत्येक घर थोडे देई, आणि ते थोडे असल्यामुळेच कोणी मालक होत नसे.

मिरजेहून लाहोरला

हा रस्ता ज्यांनी प्रथम पाडला, ते पं. विष्णू दिगंबर पलुसकर. त्यांचा जन्म १८७२ सालचा, कुरुंदवाडचा. दत्तजयंतीच्या उत्सवात दारूकामाने लहानपणीच डोळे अधू झाले आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांचे गाण्याचे शिक्षण झाले. मिरजेच्या राजेसाहेबांचा आश्रय होता. तेथेच राहते तर दरबारी गवई म्हणून सुखाने दिवस जाते. पण १८९६ साली ते मिरजेहून निघाले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. ज्याला गाणे ऐकायचे त्याने थोडे पैसे द्यावे आणि मानाने खुर्चीवर बसावे, ही कल्पना त्या काळी केवढी धीट होती, हे आज ध्यानात येणार नाही. दरबारात श्रोता निमंत्रणाने येई. येथे तो आपल्या खिशातून पैसे काढून येऊ लागला.

५ मे १९०१ रोजी लाहोरास त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाश्रयावाचून, लोकांच्या फीवर, देणग्यांवर आणि स्वतःच्या जलशांच्या उत्पन्नावर चालणारी ती संस्था. स्वरलिपीची पुस्तके छापून ती लांबलांबच्या शिष्यांच्या हाती देण्याची युक्तीही त्यांचीच. लाहोरला जो येऊ शकत नाही, त्याच्या घरी पुस्तक जाईल. आजचा गाण्याचा शिक्षक भ्रमणध्वनीवर धडा पाठवतो, त्याचे मूळ या पुस्तकांत आहे.

पुढची हकीकतही सांगितली पाहिजे, कारण ती आजच्या मुलांच्या फार उपयोगाची आहे. १९०८ साली पंडितजींनी मुंबईस महाविद्यालय सुरू केले. व्याप वाढला. उपदेशक वर्गातील विद्यार्थ्यांच्या राहण्या-जेवणाचा भार संस्थेवर, आणि त्यात मोठी इमारत कर्ज काढून उभारलेली. कर्जफेडीसाठी बुवांनी गावोगाव जलसे केले. गळा एक आणि देणी अनेक. शेवटी १९२४च्या सुमारास ती इमारत लिलावात गेली. १९३१ साली मिरजेस पंडितजींचे देहावसान झाले, आणि त्याच वर्षी शिष्यांनी एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. दगडाविटांची इमारत गेली. ज्यांना बुवांनी नावाने ओळखले होते, समोर बसवून घडविले होते, ती माणसे मात्र राहिली, आणि त्यांनीच संस्था पुन्हा उभी केली.

माधुकरी आणि वार

आपल्या समाजाला ही व्यवस्था नवी नाही. आमच्या जिल्ह्यात भीमा-अमरजेच्या संगमावर गाणगापूर आहे. तेथे माध्यान्ही दत्तमहाराज स्वतः भिक्षेस येतात, अशी श्रद्धा. म्हणून भाविक त्या वेळी झोळी घेऊन माधुकरी मागतात. आणि दुसरी रीत गरीब विद्यार्थ्याची: वार लावून जेवण्याची. सोमवारी वकिलांकडे, मंगळवारी वैद्यांकडे, बुधवारी मामलेदारांकडे, अशी सात घरे सात वार त्या मुलाला वाटून घेत. कोणत्याच घरावर भार पडत नसे आणि मुलाचे शिक्षण होऊन जाई. आजच्या कित्येक सुखवस्तू घराण्यांचे मूळपुरुष असे वारावर जेवून शिकले आहेत.

या दोहोंत एक मर्मभेद आहे. माधुकरीत झोळी हिंडते. वारात पाट ठरलेला असतो. माधुकरी घालणारी माउली झोळीवाल्याचे नाव विचारीत नाही. वाराच्या घरी मात्र मुलगा एक मंगळवार आला नाही, तर संध्याकाळी कोणी तरी विचारपूस करायला जाई. परीक्षेचा निकाल लागला, की तो सातही घरांना आपलाच वाटे.

यूट्यूबवरील जाहिरातींचे उत्पन्न ही माधुकरी आहे. लाखोंनी पाहिले तर झोळी भरते. आमच्यासारख्याच्या बडा ख्यालाला ती भरत नाही. माझ्या ध्वनिचित्रफितींवर जाहिरातींतून महिन्याला जे येते, त्यात तंबोऱ्याच्या तारांचा एक संच येईल, फार झाले तर. मासिक वर्गणी देणारे मंडळ म्हणजे वार. घरे थोडी असतात, पण पाट ठरलेला असतो.

मराठी माणसाने हा वार कलेसाठी आणि विद्येसाठी वारंवार लावला आहे. पुण्यात १८७४ साली गायन समाज निघाला; १९११ साली भास्करबुवा बखल्यांनी भारत गायन समाज काढला; कोल्हापूरचा देवल क्लब तर सर्वांस ठाऊकच आहे. वार्षिक वर्गणी देणाऱ्या सभासदांवर पुढे गावोगाव म्युझिक सर्कल चालली. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्ध केला, तोही कोणा महाराजांच्या खजिन्यावर नव्हे. लिमिटेड कंपनी काढून, भाग विकून, गावोगाव ग्राहक मिळवून त्यांनी ते काम १९२०च्या दशकात तडीस नेले. आमच्या गुलबर्ग्यात निजामी अमलात, १९०७ साली नूतन विद्यालय उभे राहिले, तेही खासगी प्रयत्नांतून. तेव्हा चार जणांनी वाटून भार उचलणे, हे काही परक्या मुलखातून आलेले खूळ नव्हे.

परदेशातील गवयाची युक्ती

मात्र त्याला आजचे यांत्रिक रूप दिले ते अमेरिकेत, आणि तेही एका गाणाऱ्या-वाजविणाऱ्यानेच. जॅक काँटे नावाच्या वादकाने पदरचे पुष्कळ पैसे घालून एक ध्वनिचित्रफीत केली. लोकांनी ती भरभरून पाहिली, आणि जाहिरातींतून हाती आले ते अगदी तुटपुंजे. त्या अनुभवातून त्याने आपल्या एका मित्राबरोबर २०१३ साली ‘पेट्रिऑन’ ही व्यवस्था काढली. ‘पेट्रन’ म्हणजे आश्रयदाता. त्यावरून हे नाव. श्रोत्याने दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, कलावंताने त्याला आपले काम आधी दाखवावे, त्याच्याशी बोलावे, आणि मध्यस्थाने आपली दलाली घ्यावी, असा तो व्यवहार. २०१८ साली यूट्यूबनेही पैसे देणाऱ्या सभासदांची सोय केली. केविन केली नावाच्या लेखकाने तर २००८ सालीच मांडले होते, की कलावंताला लाखो लोक लागतच नाहीत. वर्षाला शंभर डॉलर आनंदाने देणारे एक हजार खरे रसिक मिळाले, म्हणजे त्याचा संसार चालतो.

आपल्या रागसंगीताचेही उदाहरण आहे. इंग्लंडात २००६ साली एक संगीत महोत्सव सुरू झाला. त्याचे नाव, गंमत पाहा, ‘दरबार’! त्या महोत्सवातील तुकडे फुकट ऐकायला मिळतात, आणि वर्गणी भरणाऱ्यांना सबंध मैफली पाहता येतात. शब्द तोच राहिला. फक्त गादीवर एकाच्या जागी अनेक जण येऊन बसले.

सव्वाशे घरे

आता माझ्या लहानशा मंडळाविषयी. मार्च २०२० मध्ये करोनाने देशातील पहिला बळी घेतला तो आमच्या गुलबर्ग्यात. सगळा देश बंद होण्यापूर्वीच आमचे गाव बंद झाले आणि घरोघरच्या शिकवण्या एका दिवसात थांबल्या. भ्रमणध्वनीवरून शिकवणे तेव्हा सुरू झाले. प्रथम गावातलीच मुले होती. मग त्यांच्या पुण्याच्या मावश्या, हैदराबादचे काका, आखाती देशांतले भाऊ येऊन बसू लागले. गुलबर्ग्याची जुनी मराठी घरे गेल्या पन्नास-साठ वर्षांत किती विखुरली आहेत, हे मला त्या चौकटी-चौकटींच्या पडद्यावर दिसले. कोणाचा वाडा विकला गेला, कोणाच्या वाड्यात आता फक्त आजी आहेत. पण रविवारी सकाळी सात वाजता भैरवाचा षड्ज लागला, की ती घरे एका ओसरीवर आल्यासारखी वाटत.

पुढच्या वर्षापासून मी मासिक वर्गणी ठेवली: दोनशे रुपये. आज सुमारे एकशे वीस घरे ती देतात. त्यांत आळंद, हुमनाबाद, बिदर, बसवकल्याण येथील कानडी घरेही आहेत. बोलणे मराठीत होते, मध्येच कानडीत होते, आणि चीज ब्रजभाषेतली असते. कोणाचे काही अडत नाही.

या कामातल्या काही खाचाखोचा नव्या शिक्षकांसाठी लिहून ठेवतो. इंटरनेटवरून आवाज किंचित उशिरा पोहोचतो, म्हणून सर्वांनी एकत्र गाणे किंवा दूरच्या तबल्यावर ख्याल मांडणे शक्य नाही. एकाने गावे आणि बाकीच्यांनी आपला आवाज बंद ठेवून मनात गावे, हेच खरे. झूमवर शिकवताना तर एक विलक्षण अडचण येते. ते यंत्र तंबोऱ्याच्या अखंड नादाला पंख्याची घरघर समजते आणि गाळून टाकते! मूळ आवाज जसाच्या तसा पाठविण्याचे बटण त्यात असते. ते शोधून चालू केल्याशिवाय वर्ग घेऊ नये. ज्या यंत्राला तंबोरा हा गोंगाट वाटतो, त्याच्या हाती आपण गाणे सोपवले आहे, हे ध्यानात ठेवावे म्हणजे पुष्कळ सावधपण येते.

वर्गणीदार येतात ते बहुधा पाडव्याला आणि दसऱ्याला. गळती लागते ती वैशाखात, लग्नसराईत. ते टिकतात कशाने? एखादी चीज शिकायला मिळाली म्हणून माणूस एक महिना राहतो. टिकतो तो आपला आवाज कोणी तरी ऐकतो आहे म्हणून. प्रत्येक गाणारा सभासद दोन मिनिटांचे आपले गाणे ध्वनिमुद्रित करून पाठवतो आणि मी त्याला नाव घेऊन उत्तर देतो: “ताई, यमनातला तुमचा मध्यम पंचमाकडे झुकतो आहे, तंबोरा थोडा मोठा करा आणि तिथंच थांबून पाहा.” या दोन वाक्यांसाठी लोक वर्गणी देतात. जे गात नाहीत, नुसते ऐकतात, त्यांचाही कान हळूहळू तयार होतो. दरबारात वडिलांना एक जाणता कान मिळे; मंडळात तो पाच-सहा वर्षे खपून घडवावा लागतो.

दर दहा वर्गणीदारांमागे एका विद्यार्थ्याला विनाशुल्क बसविण्याचा नियम सर्वांनी मिळून केला आहे. हा विद्यार्थी कोण, हे इतरांस ठाऊक नसते. पाडव्याला वर्षाचा जमाखर्च सर्वांना वाचून दाखवतो. पैशाचे बोलणे जितके स्वच्छ, तितके गाणे मोकळे होते.

कुलूप कशाला लावावे?

या साऱ्या व्यवस्थेत खरा कळीचा प्रश्न एकच: पैसे देणाऱ्यांसाठी काय राखून ठेवायचे? वडिलांची बंदिशींची एक हस्तलिखित वही माझ्याजवळ आहे. ती कुलपात ठेवून फक्त वर्गणीदारांना दाखवावी, म्हणजे मंडळ दुप्पट होईल, असा सल्ला मला पुष्कळांनी दिला. आजच्या व्यवहाराच्या रीतीप्रमाणे तो बरोबरही असेल. पण आपल्या संगीताने हे कुलूप पूर्वी फार सोसले आहे. जुने उस्ताद चिजा लपवीत. अस्ताई सांगत, अंतरा गिळीत. मुलाला देत, शिष्याला देत नसत. कित्येक चिजा त्यांच्याबरोबर मातीआड गेल्या. पं. विष्णू नारायण भातखंडे गावोगाव हिंडले, घराणेदार गवयांची मनधरणी करून त्यांनी शेकडो चिजा मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत छापून सर्वांपुढे ठेवल्या. जे कुलूप त्यांनी आयुष्य वेचून उघडले, ते मी महिन्याच्या दोनशे रुपयांसाठी पुन्हा लावावे काय?

म्हणून वडिलांची वही मी एकेक पान करून सर्वांसाठी खुली ठेवली आहे. कोणीही ऐकावी, कोणीही गावी. वर्गणी घेतो ती माझ्या वेळेची: बसण्याची, ऐकण्याची, चूक दाखविण्याची आणि रविवारच्या सोबतीची. चीज एकाला दिली म्हणून दुसऱ्याची कमी होत नाही, तेव्हा तिला भाव लावण्याचे कारण नाही. माझा तास मात्र एकाला दिला की संपतो. त्याचे मोल मागण्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. हा भेद ज्याला उमगला, त्याला ‘गाणे विकायला काढले काय’ या प्रश्नाचे उत्तर मिळाले. गाणे विकलेले नाही. गवयाच्या आठवड्याचे वार लागले आहेत, इतकेच.

वही आपल्या हाती

दोन धोके मात्र सांगितले पाहिजेत. पहिला मध्यस्थाचा. यूट्यूबच्या सभासदत्वातून आलेल्या रकमेतील तीस टक्के ती कंपनी ठेवते. एकशे वीस घरांचे दोनशेप्रमाणे चोवीस हजार होतात. त्यांतले सात हजार दोनशे तिकडे गेले, की गवयाच्या हाती सोळा हजार आठशे उरतात. पेट्रिऑनवर ऑगस्ट २०२५ पासून नव्याने येणाऱ्यांना दहा टक्के दलाली पडते, वर रक्कम वळती करण्याचा खर्च निराळा. आपल्याकडे २०२० पासून यूपीआयवर दरमहा आपोआप रक्कम देण्याची सोय झाली आहे. शिवाय रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे अशी रक्कम कापण्याच्या आदल्या दिवशी खातेदाराला सूचना मिळते. कोणाला नकळत पैसे जाऊ नयेत, हे योग्यच आहे. पूर्वी वर्गणी वसूल करणारा कारकून दारात उभा राही, तेव्हा माणूस ‘देऊ की नको’ असा विचार करी. तशीच ही महिन्याची घडी आहे, आणि शिक्षकाने तिला दरमहा पात्र ठरले पाहिजे.

दुसरा धोका याहून मोठा. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकसह एकोणसाठ चिनी ॲपवर बंदी घातली. कारणे देशाच्या सुरक्षिततेची होती. त्यांची चर्चा येथे नको. पण खेड्यापाड्यांतील कितीतरी मराठी मुलामुलींनी तेथे आपले प्रेक्षक जमविले होते. ते सगळे रातोरात नाहीसे झाले. प्रेक्षक जिवंत होते, घरोघर होते. पण त्यांचे पत्ते मुलांजवळ नव्हते, कंपनीजवळ होते. १९४८ साली संस्थानातील गवयांवर जी वेळ आली, तीच ही. आश्रय दुसऱ्याच्या वाड्यात असला, की वाडा बंद झाल्यावर गवई रस्त्यावर येतो. मग तो वाडा राजाचा असो की कंपनीचा.

म्हणून मी प्रत्येक वर्गणीदाराचे नाव, गाव, दूरध्वनी आणि पट्टी (कोणाची काळी दोन, कोणाची पांढरी पाच) एका जाड वहीत शाईने लिहून ठेवतो. यूट्यूब उद्या बंद झाले, तर परवा सकाळी एकशे वीस घरी दूरध्वनी करता येईल. फुकट ऐकणारे कितीही असोत, ते त्या कंपनीचे. या वहीत ज्यांची नावे आहेत, ती घरे आपली.

आणखी एक गोष्ट. राजा एकच असला, तर त्याच्या आवडीला मान तुकवावी लागे. एकशे वीस लहान राजे झाले, तर एकशे वीस फर्माइशी येतात. कोणाला नाट्यगीत हवे, कोणाला सिनेमातले, कोणाला वचन, कोणाला अभंग. सगळ्यांची हौस पुरवू लागलो, तर गवयाचा हलवाई होईल. पण लोकाश्रयाचे मोठेपण नेमके येथेच आहे. एक जण रागावून गेला, तर दोनशे रुपये जातील. शिक्षकाचा कणा मोडणार नाही. यमन दोन महिने चालेल, असे मी सांगतो, तेव्हा ते एका कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसते. पहाटेचे चार तास दरबाराने वडिलांना दिले; मला ते या लहान लहान रकमांनी परत मिळवून दिले आहेत.

आता वाचकांस एक विनंती. आपल्या माहितीत कोणी मराठी गाणारा, कीर्तनकार, नकलाकार, इतिहास सांगणारा, मुलांना गोष्टी सांगणारी बाई असे कोणी असेल आणि त्याने किंवा तिने असे मंडळ चालविले असेल, तर नुसती वाहवा करून थांबू नये. एक वार आपल्या घरी घ्यावा. फार नको, घराला जड होणार नाही इतकाच. आणि एकदा वर्गणी दिली, की पाठ फिरवू नये. वेळेवर येऊन बसावे, गवयाने तयारी केली नसेल तर तसे स्पष्ट सांगावे, पाडव्याला हिशेब मागावा. पुढे बसून समेची वाट पाहणारी माणसे असली, म्हणजे गवयाला झोप येत नाही.